पहिला वस्तरा घेतलाय, पट्टा कोणता घ्यावा?

नांदेडचा_नवखा
नमस्कार मंडळी. साधा पोलादी वस्तरा घेतला आहे. पात्याची रुंदी ५/८ इंच, धार दगडावर लावूनच आली आहे. आता वस्तरा दाढीआधी ज्यावर घासतात तो चामड्याचा पट्टा घ्यायचाय, पण बाजारात २ इंची, अडीच इंची, ३ इंची, टांगायचा, फळीवर चिकटवलेला असे इतके प्रकार आहेत की ठरवता येईना. गल्लीतल्या सलूनमध्ये सगळीकडे अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा, त्यामुळे पट्टा कुणाकडे बघायलाही मिळाला नाही. रुंदी किती घ्यावी? टांगायचा बरा की फळीवरचा? आणि माळेगावच्या यात्रेत घोड्याच्या साजाचं चामडं मिळालं तर त्याचा पट्टा करून चालेल का?

गोदाकाठ
भाऊ, आधी एक गोष्ट पक्की करा. पट्ट्याने बोथट वस्तऱ्याला धार येत नाही. ते काम दगडाचं. दाढी करताना धारेची अगदी बारीक कड वाकते, खरबरीत होते. पट्टा ती सरळ आणि गुळगुळीत करतो. म्हणूनच चुकीच्या हाताने पट्टा मारला तर चांगली धारही दहा फेऱ्यांत जाते.

रुंदी ३ इंच घ्या. पात्याची धार साधारण ७ सेंमी लांब असते आणि ३ इंच म्हणजे ७६ मिमी, त्यामुळे अख्खी धार एका सरळ ओढीत टेकते. अडीच इंचीवर (६३ मिमी) टाचेपासून (मुठीकडचं टोक) पुढच्या टोकापर्यंत धार पोचवायला वस्तरा थोडा तिरका सरकवत न्यावा लागतो. ते अवघड नाही, पण सुरुवातीला हाताला एकाच वेळी दोन कामं नकोत. २ इंची तर घेऊच नका. मात्र धार कमानीसारखी किंचित गोलाकार असेल, तर ३ इंचीवरही तिरकी ओढ लागतेच. वस्तरा सपाट काचेवर हलकाच ठेवून बघा, लगेच कळेल.

लांबी एकूण २० ते २४ इंच, त्यातली वापरायची १६-१८ इंच पुरे.

टांगायच्या पट्ट्यात नवख्याची चूक एकच: पट्टा सैल धरणे. मधे झोळ पडला की चामडं धारेभोवती वर चढतं आणि कड गोल होते. उलट फार जोरात ताणलं तर हात ताठ होतो आणि वस्तरा दाबला जातो. हूक कमरेच्या जरा वर ठोका, पट्टा ताठ धरा आणि वस्तऱ्यावर त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार देऊ नका.

ओढ अशी: पाठ (धारेच्या उलट बाजूची जाड कड) आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेल्या, पाठ पुढे आणि धार मागे. शेवटाला आलं की आधी थांबा, मग पाठ चामड्यावर टेकलेली ठेवूनच वस्तरा पाठीवर पलटा, मनगट न वळवता, नुसत्या बोटांनी. पट्टा कापला जातो तो याच जागी. हात पूर्ण थांबायच्या आधी पलटी होते किंवा पाठ उचलली जाते, की धार चामड्यात घुसते. पहिले दोन-तीन दिवस जेवणाच्या टेबलावरची बोथट सुरी घेऊन हळूहळू सराव करा. वेग आपोआप येतो, मुद्दाम आणू नका.

रोज दाढीआधी पट्ट्याच्या जोडीला असलेल्या कापडी पट्टीवर २०-२५ फेऱ्या, चामड्यावर ५० च्या आसपास. जाऊन येऊन एक फेरी.

चर्मकाम_लातूर
साजाच्या चामड्याबद्दल. दिसायला ते मजबूत असतं, पण पावसापाण्यात टिकावं म्हणून त्यात तेल-मेण भरपूर मुरवलेलं असतं. त्यावर वस्तरा चिकटल्यासारखा ओढला जातो. शिवाय लगामाच्या पट्ट्या इंच-दीड इंचाच्या, म्हणजे रुंदीतच बाद.

आपल्याकडे करून घ्यायचाच असेल तर म्हशीचं, सालीत कमावलेलं चामडं शोधा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं घट्ट राहतं, ताणलं तरी लांबत नाही. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ आणि लवचीक, बॅगेला छान, पट्ट्याला नाही. ओळखायला कडेचा काप बघा. सालीचं आत-बाहेर तपकिरी दिसतं, क्रोमचं मधे निळसर-राखाडी. सालीच्या कोऱ्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला की डागही गडद पडतो.

जाडी ३ मिमीच्या आसपास. तुकडा पाठीकडचा मागा, पोटाकडचा नको. पोटाकडचं सैल असतं आणि महिन्याभरात एका बाजूने लांबतं. घेताना स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघा. खालून उजेड दिसला तर तिथे खोलगट आहे, धार तिथे टेकणारच नाही.

हूक ठोकायची सोय नसेल, भाड्याची खोली असेल, तर फळीवरचा पट्टा करा. ३ बाय १२ इंचाची रंधा मारून सरळ केलेली सागवानी फळी घ्या. चप्पल चिकटवायचं सोल्युशन दोन्ही बाजूंना लावा, १०-१५ मिनिटं सुकू द्या आणि मगच दाबा. ओलं असताना चिकटवलं तर फुगे राहतात. गुळगुळीत बाजू वर, रात्रभर वजन ठेवा. यात झोळ पडायचा प्रश्नच नाही, त्यामुळे नवख्याला हाच जास्त क्षमाशील. एकच, ओढ आखूड असल्याने फेऱ्या थोड्या जास्त लागतात.

कापडाच्या बाजूला पलंगाची सुती नवार उत्तम, ३ इंची मिळाली तर बघा. आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढा, ताणून वाळवा. नायलॉनची नको, ती फार सुळसुळीत.

नांदेडचा_नवखा
दादा, फार उपयोगाची माहिती. म्हणजे ३ इंची घेतो. एका सेटमध्ये हिरव्या पेस्टची कांडीही येते, ती चामड्याला चोळून ठेवायची का?

बालाघाटवाला
नाही, रोजच्या चामड्याला अजिबात नाही. हिरवी पेस्ट म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, त्याचे कण पोलाद झिजवतात. एकदा चामड्यात गेली की निघत नाही आणि मग रोजच धार घासली जाते. ती वेगळ्या फळीवर लावा, कांडीच्या चार-पाच फिकट रेघा पुरतात. वस्तरा दाढीला ओढायला लागला, कोऱ्या पट्ट्यानेही सुधारला नाही, तरच त्यावर ८-१० फेऱ्या, मग पुसून नेहमीच्या पट्ट्यावर.

आपल्या हवेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की चामडं सुकून कडा वर वळतात. तेव्हा तेल ओतायचं नाही. नीट्सफूट तेलाचे (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं तेल) दोन-तीन थेंब तळहातावर घेऊन चोळायचे, एक दिवस वापरायचं नाही. खोबरेल तर नकोच, ते थंडीत थिजतं आणि पुढे खवट होतं. एरवी रोज वापरण्याआधी तळहात दहा-बारा वेळा पट्ट्यावरून फिरवला की तेवढी ऊब आणि तेलकटपणा पुरतो. धूळही निघते, आणि धुळीचं सांभाळाच: एक खडा धारेखाली आला तर ओरखडा पडतो. पट्टा कूलरच्या झोतात टांगू नका. पावसाळ्यात बुरशी दिसली तर कोरड्या कापडाने पुसून सावलीत वाऱ्यावर ठेवा.

बोअरचं पाणी जड असेल तर पात्यावर पांढरे ठिपके सुकतात आणि तेच पट्ट्यावर जातात. दाढी झाली की पातं आधी कागदाने कोरडं पुसा, मग कापडावर ८-१० फेऱ्या मारून ठेवा. ओलं पातं चामड्यावर कधीच नाही.

आणि पट्ट्याला खाच पडली तर घाबरून फेकू नका. वर आलेली पापडी सोल्युशनने बसवा, सुकल्यावर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने तेवढीच जागा सपाट करा. कडेची खाच चालते. मधोमध खोल चीर गेली असेल तर मात्र पट्टा बदला, कारण प्रत्येक ओढीला धार तिथे अडखळते.