मदत हवी आहे: चेकोव्ह म्हणतो पास, पण प्रॉडवर पोर्ट २२ जगाला उघडं

नमस्कार मंडळी, मालवणहून लिहितोय. आम्ही दोघं मिळून तारकर्ली-देवबाग पट्ट्यातल्या होमस्टेवाल्यांसाठी बुकिंगची छोटी सिस्टीम चालवतो, पाहुण्यांच्या आधारचे फोटोपण तिथेच अपलोड होतात म्हणून जास्त टेन्शन. सगळं एडब्ल्यूएसच्या मुंबई रिजनमध्ये, टेराफॉर्मने (सर्व्हर-नेटवर्कची मांडणी कोडमध्ये लिहायचं टूल) लिहिलेलं, आणि गणपतीच्या आधी पाइपलाइनमध्ये (बदल चढवताना आपोआप चालणाऱ्या पायऱ्या) चेकोव्ह हे त्या कोडमधल्या सुरक्षेच्या चुका शोधणारं स्कॅनर लावलं.

परवा कन्सोलमध्ये भलतंच काहीतरी शोधत होतो तर प्रॉडच्या (खऱ्या चालू सिस्टीमच्या) सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे फायरवॉलच्या नियमांत, सर्व्हरमध्ये लॉगिन करायच्या पोर्ट २२ समोर ०.०.०.०/०, म्हणजे कुठलाही आयपी चालेल, असं दिसलं. घामच फुटला. रिपोर्ट उघडला तर नेमका तोच चेक, सीकेव्ही_एडब्ल्यूएस_२४, हिरवागार पास! वाटलं कोणी हाताने बदललं असेल, म्हणून टेराफॉर्म प्लॅन मारला (कोड आणि चालू सिस्टीममधला फरक दाखवतो), तर नो चेंजेस. म्हणजे कोडमधूनच आलंय.

कोडमध्ये सीआयडीआर (कुठल्या आयपींना आत सोडायचं ती रेंज) व्हेरिएबलमधून येतो, त्याचा डिफॉल्ट आमच्या ऑफिसचा आयपी. पण एन्व्ह फोल्डरमधल्या प्रॉड डॉट टीएफव्हार्स या व्हेरिएबलच्या किमतींच्या फाईलमध्ये ०.०.०.०/०. कोणी टाकलं तर मीच. जूनमध्ये रात्री लाईट गेली, ब्रॉडबँड गेलं, मोबाइल हॉटस्पॉटवरून सर्व्हरमध्ये शिरायचं होतं आणि त्याचा आयपी दर वेळी वेगळा, म्हटलं आत्ता उघडतो सकाळी बंद करतो, ती सकाळ काय आलीच नाही.

माझी चूक कबूल, पण स्कॅनरला दिसलं का नाही? आणि दुसरं म्हणजे बाकीचे ६३ चेक फेल आहेत, त्यातले खरे कुठले आणि कटकट कुठली हे कसं ओळखायचं? पार्टनर म्हणतो सॉफ्ट-फेल लाव (म्हणजे चेक फेल झाला तरी पाइपलाइन अडत नाही) आणि गप बस.

सुरमई_फ्राय:
अरे, तुझो स्कॅनर खोटा बोलूक नाय, तू तेका अर्धीच फाईल दाखवलंस :) चेकोव्ह आपणहून वाचतं ते टेराफॉर्म डॉट टीएफव्हार्स आणि ऑटो डॉट टीएफव्हार्सवाल्या फाईली, बाकी नावाची असेल तर व्हार-फाईलचा फ्लॅग देऊन सांगावी लागते. तुझी प्रॉडची फाईल त्याने पाहिलीच नाही, डिफॉल्ट धरला, ऑफिसचा आयपी दिसला, पास.

त्यापेक्षा प्लॅनच स्कॅन कर. प्लॅन प्रॉडच्या टीएफव्हार्ससकट काढून फाईलमध्ये ठेव, टेराफॉर्म शोने त्याचं जेसन कर, ते चेकोव्हला दे. तिथे व्हेरिएबल भरलेली असतात, मॉड्यूल उलगडलेले असतात. फक्त ते जेसन पाइपलाइनमध्ये आर्टिफॅक्ट (नंतर उघडता येणारी जपलेली फाईल) म्हणून साठवू नकोस, त्यात पासवर्ड असतील तर उघडे दिसतात, सेन्सिटिव्ह लिहिलं असलं तरी.

खाडीपलीकडे:
वरचं बरोबर आहे पण आधी पोर्ट बंद केलंस का ते सांग! आणि जूनपासून उघडं होतं तर ऑथ लॉग (लॉगिनच्या नोंदी) बघ, अनोळखी आयपीवरून ॲक्सेप्टेड लॉगिन आहे का. पासवर्ड लॉगिन चालू असेल तर आजच बंद कर.

लाईटचा प्रॉब्लेम तर दर पावसाळ्यात येणार, तू परत तेच करशील. सर्व्हरमध्ये शिरायला एडब्ल्यूएसचा एसएसएम सेशन मॅनेजर लाव. इनबाउंड पोर्ट लागतच नाही, सर्व्हरवरचा एजंट स्वतःच बाहेर ४४३ वर बोलतो, तुझा हॉटस्पॉटचा आयपी काहीही असू दे.

६३ चं म्हणशील तर फुकटवालं चेकोव्ह गंभीरपणा सांगत नाही, सगळे सारखेच लाल. ट्रिव्ही हे दुसरं स्कॅनर एकदा चालव, टीएफसेक या जुन्या स्कॅनरचं काम आता त्यातच आलंय, ते क्रिटिकल-हाय असं वेगळं काढून देतं. बकेटची (फाईली साठवायच्या जागेची) दुसऱ्या रिजनमध्ये कॉपी नाही (१४४ नंबरचा चेक) हे तुमच्या आकाराला सोडून द्या, पण स्किप करताना कोडमध्येच कॉमेंटमध्ये कारण लिहा. उरलेल्यांचा बेसलाइन बनवा म्हणजे जुनं बाजूला राहतं आणि नवीन फेल आलं की पाइपलाइन अडते. मात्र बेसलाइन बनवायच्या आधी ६३ च्या ६३ डोळ्यांखालून घाल. न वाचता केलास तर सॉफ्ट-फेल काय न् ते काय, एकच.

धागाकर्ता:
दादा, पोर्ट काल रात्रीच बंद केलं. लॉगमध्ये जगभरातून ठोठावलेलं दिसतंय, पानंच्या पानं, पण ॲक्सेप्टेड फक्त आमच्या दोघांचे. पासवर्ड लॉगिन आधीपासूनच बंद होतं, वाचलो.

प्लॅनवर स्कॅन केलं. जुना प्लॅन मुद्दाम काढून बघितला तर २४ नंबर लगेच लाल. शिवाय स्टेजिंगचा डेटाबेस पब्लिकली ॲक्सेसिबल ट्रू निघाला, तोही टीएफव्हार्समधूनच, आणि हा मात्र माझा नाही, पार्टनरचा! आता तो गप आहे.

सेशन मॅनेजरचं अडलंय. आयएएम रोल (सर्व्हरला लागणारी परवानगी) जोडला, एजंट चालू आहे, तरी एक मशीन लिस्टमध्ये येत नाही. ते प्रायव्हेट सबनेटमध्ये (थेट इंटरनेट नसलेल्या नेटवर्कच्या भागात) आहे आणि खर्च नको म्हणून आम्ही नॅट गेटवे (तिथून इंटरनेटवर जायचा रस्ता) लावलेलं नाही.

खाडीपलीकडे:
मग ते बाहेर बोलणार कुठून? व्हीपीसी (एडब्ल्यूएसमधलं तुमचं खाजगी नेटवर्क) एंडपॉइंट लागतील, म्हणजे इंटरनेटशिवाय एडब्ल्यूएसच्या सेवांशी बोलायची दारं: एसएसएम आणि एसएसएम-मेसेजेस. त्यांचेपण तासाचे पैसे लागतात, नॅटशी तुलना करून घे. आणि एंडपॉइंटच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये ४४३ फक्त व्हीपीसीच्या रेंजला उघड, परत शून्य-शून्य टाकू नकोस म्हणजे मिळवली.