[मंडळ-गप्पा] स्पायडर-व्हर्स, तिसरा भाग: पवित्रला नुसता ठेका नको, धून हवी

सई:

नमस्कार मंडळी,

'बियाँड द स्पायडर-व्हर्स', म्हणजे वेगवेगळ्या जगांतल्या स्पायडर-मॅनांच्या ॲनिमेशनपटांचा तिसरा भाग, 2027 मध्ये येतोय. खरं तर तो मार्च 2024 मध्येच यायचा होता. मध्ये हॉलिवूडचे संप झाले, तारखा सरकत गेल्या आणि नायक माईल्स बिचारा दुसऱ्या भागाच्या शेवटापासून अजून त्या पंचिंग बॅगला बांधलेलाच आहे. तो सुटेपर्यंत आपण निदान आपापल्या अपेक्षा बोलून घेऊ. माझी मागणी एकच आहे: या भागात मुंबॅटनच्या (मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेलं काल्पनिक शहर) स्पायडर-मॅनला, पवित्र प्रभाकरला, स्वतःची धून मिळावी.

का ते सांगते. 2023 च्या दुसऱ्या भागात संगीतकार डॅनियल पेंबर्टनने जवळजवळ प्रत्येक पात्राला संगीतात ओळख दिली आहे. माईल्सची मैत्रीण, दुसऱ्या जगातली स्पायडर-वुमन ग्वेन म्हणजे ड्रम, गिटार आणि वर तरंगणारा सिंथ. सिनेमाची सुरुवातच तिच्या ड्रमवादनाने होते. ब्रिटिश स्पायडर-मॅन होबी म्हणजे पंक. या सगळ्या स्पायडर-मॅनांचा म्होरक्या मिगेल ओ'हारा येतो तेव्हा सिंथचा तो चिरकत चढणारा सूर असा येतो की माणूस खुर्चीत सावरून बसतो. आणि आपला पवित्र? तालवाद्यांचा धडाका, मुंबॅटनची धावपळ, हसू, पुढचा प्रसंग. ऐकायला झकास आहे, मीही लावते. पण ग्वेनची सुरावट बापलेकीच्या भांडणात एका अंगाने येते आणि ती दोघं मिठी मारतात तेव्हा वेगळ्याच अंगाने. तेच सूर, पण पोटात तुटतं. पवित्रच्या संगीताला अशी वेळच येत नाही. ठेक्याला नाचता येतं, रडता येत नाही.

बाकी गाण्यांची मला चिंता नाही. पहिल्या भागातलं 'सनफ्लॉवर' अमेरिकेत डबल डायमंड, म्हणजे दोन कोटी प्रतींच्या बरोबरीचं, झालं, दुसऱ्या भागाची गाणी हिप-हॉप निर्माता मेट्रो बूमिनने सांभाळली, तिसऱ्यालाही कुणीतरी मोठं नाव येईलच. गाणी विकली जातात. मला पार्श्वसंगीताबद्दल बोलायचंय.

— सई

नानाकाका:

चि. सई,

ठेक्याला रडता येत नाही हे तुला कुणी सांगितलं? विलंबित एकताल एकटा ऐक. दोन मात्रांच्या मधली पोकळी ऐक. गाणाराही लागत नाही.

मला तुझ्या मागणीची भीतीच वाटते. 'पवित्रला धून द्या' असं आपण म्हणायचं आणि तिकडे कुणीतरी बासरी काढायची, मागे तानपुरा सोडायचा, वर एक अनाम आलाप. हिंदुस्थानातला माणूस दुःखी झाला की हॉलिवूडमध्ये हे असंच होत आलं आहे. मागच्या भागातला धडाका त्यापेक्षा पुष्कळ प्रामाणिक होता. त्यात धांदल होती, आगाऊपणा होता, पोरगं तसंच आहे. सहाच महिने झालेत त्याला स्पायडर-मॅन होऊन. केस बघून घेण्यातच त्याचं निम्मं लक्ष.

मुंबॅटनबद्दल मात्र एक बोलतो, कारण ते आमच्या पिढीचं आहे. ती रंगसंगती, ते किंचित सरकलेले छपाईचे रंग मी बघितले आणि लगेच म्हटलं, हे तर इंद्रजाल कॉमिक्स! पुढे कळलं की त्या जगाच्या चित्रशैलीमागे सत्तरच्या दशकातली इंद्रजालच होती. आमचा वेताळ, मँड्रेक, नंतर बहादूर, सगळे मराठीतून वाचले आम्ही. तेव्हा तिसऱ्या भागात मुंबॅटन जरा जास्त वेळ, जरा हळू दिसावं. मागच्या वेळी डोळा टेकायच्या आत पूल कोसळला.

नाना

रोहन:

सईताई, नानाकाका,

दोघांनाही थोडं थोडं खोडतो.

या मालिकेतला सगळ्यात भीतिदायक 'सूर' म्हणजे मुखवटेवाल्या खलनायकाचा, प्राउलरचा. आणि तो सूर नाहीच! ती हत्तीची चित्कारी आहे, पेंबर्टनने संगणकावर पिळून पार ओळखू न येणारी केलेली. चाल नाही, ताल नाही. एक आवाज. पहिल्या भागात तो आला की माईल्सचा पाठलाग सुरू. मग कळतं की मुखवट्यामागे त्याचा लाडका ॲरनकाका आहे. त्यानंतर तो आवाज नुसता भीतीचा राहत नाही, घरातला होतो.

आता दुसऱ्या भागाचा शेवट आठवा. माईल्स चुकून पृथ्वी-42 या दुसऱ्याच जगात पोचलाय. त्याला चावलेला कोळी मुळात याच जगातला, तो पळवला गेल्यामुळे इथे स्पायडर-मॅन झालाच नाही. बाबा वारलेत, भिंतीवर त्यांचं चित्र आहे. ॲरनकाका जिवंत. माईल्सला वाटतं हाच इथला प्राउलर. काका म्हणतो, मी नाही. मग तो आवाज येतो, पण ॲरनच्या तोंडावर कॅमेरा असताना येत नाही. अंधारातून दुसरंच कुणीतरी पुढे येतं, मुखवटा उघडतो, आत वेण्या घातलेला माईल्सच. मला तर चेहरा दिसायच्या आधी कानांनी सांगितलं होतं. एवढं काम एका चित्कारीने केलं.

तेव्हा धून की ठेका हा प्रश्नच नाही. तो आवाज कुठल्या क्षणी वाजवता हा प्रश्न आहे. प्राउलरचा आवाज तीनदा आयुष्य उलटंपालटं होताना वाजला म्हणून तो डोक्यात बसला. पवित्रच्या वाट्याला असा क्षणच लिहिलेला नाही. त्यात पेंबर्टन काय करणार? तक्रार लेखकांकडे न्या.

जाता जाता: हा माणूस काहीही करू शकतो. पहिल्या भागाच्या वेळी त्याने वाद्यवृंद ध्वनिमुद्रित करून त्याच्या तबकड्या काढल्या आणि त्या डीजेकडून स्क्रॅच करून घेतल्या. व्हायोलिनं हिप-हॉपसारखी मागेपुढे खरवडलेली ऐकू येतात ती त्यामुळे. तबला त्याच्या हाती पडला तर तो नुसता तबला राहील असं मला वाटत नाही, काका.

रोहन

यादी-व्यवस्थापक:

कृपया विषयाच्या ओळीत 'कथा उघड' असं लिहा. दुसरा भाग अजून न पाहिलेली मंडळीही या यादीवर आहेत. आणि रोहन, सोळा एमबीची ध्वनिफीत सगळ्यांना जोडून पाठवू नकोस. ती थांबवली आहे.

सई:

रोहन, चेंडू तू थेट माझ्याच कोर्टात टाकलास. हो, लेखकांकडेच जाऊ.

पवित्रला क्षण लिहिलेला नाही हे मला मान्य नाही. लिहिलाय, पण त्याच्याकडून काढून घेतलाय. मुंबॅटनमध्ये सगळं कोसळत असताना इन्स्पेक्टर सिंग एका मुलीला वाचवायला धावतात. पवित्रच्या मैत्रिणीचे, गायत्रीचे बाबा. माईल्स झेप घेतो, दोघांनाही वाचवतो. टाळ्या. मग मिगेल आपल्या मुख्यालयात माईल्सला सांगतो की सिंग मरायला हवे होते, जवळचा पोलीस कॅप्टन मरणं हे प्रत्येक स्पायडर-मॅनच्या नशिबात 'ठरलेलं' असतं, ते मोडलं म्हणून पवित्रच्या जगाला भोक पडलंय. आता विचार करा. हे कळल्यावर पवित्रला काय वाटलं? सिनेमा आपल्याला सांगतच नाही. कॅमेरा माईल्सबरोबर निघून जातो. पवित्र तिथेच, त्या काळ्या भोकाच्या काठाशी. थेट शेवटी तो ग्वेनच्या टोळीत हसत उभा दिसतो.

मधलं कुठे गेलं? घरी जाऊन तो गायत्रीशी काय बोलला? 'तुझे बाबा जिवंत आहेत आणि त्यामुळे कदाचित आपलं शहर जाणार आहे' हे पोटात ठेवून तिच्या बाबांसमोर बसायचं. एवढा प्रसंग लिहिला तरी मी धुनीची मागणी मागे घेते.

शिवाय ते भोक खरंच सिंग वाचल्यामुळे पडलं का, यावर माझा विश्वास नाही. काही क्षण आधी तिथेच खलनायक स्पॉटने अल्केमॅक्स कंपनीचं यंत्र चालवून स्वतःला भरून घेतलं होतं. स्फोट त्याचा. मिगेलने दोन गोष्टींची गाठ मारली आणि सगळ्यांनी मान डोलावली. तिसऱ्या भागात हे कुणीतरी मोठ्याने बोलायला हवं, आणि ते पवित्रने बोलावं. जग त्याचं आहे.

सई

मिनूमावशी:

सई, रोहन,

मी तुमच्यासारखी कान देऊन सिनेमा बघत नाही, पण एक सांगते. पवित्रला 'खोली' यावी म्हणून त्या सिंगांना मारू नका. मूळ 2004 च्या चार अंकांच्या कॉमिकमध्ये धोतरवाल्या पवित्रच्या भीमकाकांना मारलंच होतं. सिनेमाने ते दाखवलं नाही याचा मला फार आनंद झाला. मायाआत्या, गायत्री, तिचे बाबा, सगळी जागच्या जागी असलेला एक तरी स्पायडर-मॅन असू दे की! दुसऱ्या भागाचा सगळा झगडाच 'माणूस मेल्याशिवाय नायक घडत नाही का' हा आहे. ग्वेनचे बाबा तर नुसती नोकरी सोडतात आणि कॅप्टनच राहत नाहीत. केवढी साधी युक्ती! एवढं दाखवून तिसऱ्या भागात पवित्रच्याच घरात प्रेत ठेवलं तर मिगेलच बरोबर ठरला म्हणायचं.

माझी स्वतःची मागणी माईल्सच्या आईची, रिओची. मुलगा गच्चीवर आपल्या मनातलं सांगत नाही तेव्हा ती त्याला जे सांगते, माझ्या या लहानग्याला तिकडे जपशील ना, तेवढा प्रसंग मी पुन्हा पुन्हा लावून बघते. पृथ्वी-42 वरच्या रिओला नवरा नाही आणि पोरगा रात्री प्राउलर होऊन हिंडतो. आपला माईल्स आणि ती बाई एका खोलीत पाच मिनिटं बसवा. संगीत नसलं तरी चालेल.

मिनू

रोहन:

मिनूमावशी, संगीत नसलं तरी चालेल हे तुम्ही बोललात, पण तिथे मला ती हत्तीची चित्कारी हवी आहे. अगदी हळू, भीती काढून घेतलेली. वेण्यावाला माईल्स आईसमोर मुखवटा काढून ठेवतो तेव्हा. तो खलनायक नाही यावर मी पैज लावायला तयार आहे. ज्याच्या वाट्याचा कोळी दुसऱ्या जगात गेला त्या मुलाने काय करायचं होतं?

रोहन

नानाकाका:

मिनूताईंचं पटलं. मृत्यू नको. मग खोली कुठून आणायची? त्यावर माझी एक सूचना, पेंबर्टनसाहेब वाचत नसले तरी.

पवित्रचा तोच धडाका ठेवा. मागच्या भागातला, ओळखीचा. फक्त सम, आवर्तनाची पहिली मात्रा, काढून घ्या. ज्या क्षणी त्याला सिंगांबद्दल कळतं तिथपासून प्रत्येक आवर्तनात समेवर शांतता. बाकी सगळ्या मात्रा भरभरून वाजताहेत, पोरगं उड्या मारतंय, मनगटातली कडी यो-योसारखी फिरवतंय, विनोद करतंय, आणि ऐकणाऱ्याचं डोकं दर वेळी हलायला जातं आणि अधांतरी राहतं. तिहाई घेतली तरी शेवटचा 'धा' नाही. बासरी नको, आलाप नको. हसऱ्या ठेक्याच्या आतच भोक, शहराला आहे तसं.

सम कधी द्यायची? सिंग संध्याकाळी ड्यूटी संपवून जिवंत घरी येतात आणि पवित्र दार उघडतो तेव्हा. एक थाप. बस.

आणि हो, मागचा भाग भारतात दहा भाषांत आला होता, त्यात मराठीही होती. हिंदी आणि पंजाबीत पवित्रला शुभमन गिलने आवाज दिला, मूळ इंग्रजीत करण सोनीने. या वेळीही मराठी निघणार असेल तर संवाद लिहिणाऱ्याला सांगा, पवित्रला पुस्तकी बोलायला लावू नका. ते पोरगं थांबून बोलणारं नाही.

नाना

सई:

नानाकाका, ठेका मागे घेतला! म्हणजे माझा आक्षेप मागे घेतला, ठेका तुमचाच ठेवू. धुनीपेक्षा हे कितीतरी भारी आहे.

रोहन:

काका, कल्पना जबरदस्त. पण एक व्यावहारिक अडचण. मागच्या भागात काही थिएटरांत संवादसुद्धा ऐकू येत नव्हते, शेवटी आवाज वाढवून लावा असं कळवावं लागलं होतं. 140 मिनिटांच्या त्या गदारोळात न वाजलेली सम कुणाला ऐकू जाणार? मारामारीच्या प्रसंगात संगीत स्फोटांच्या खालीच जातं.

मिनूमावशी:

मग सिंग दारात येतील तेव्हा मागे काही उडवू नका, हेही मागणीत घाला. आणि दार उघडायला पवित्रच्या आधी गायत्री जाऊ दे. बाबा तिचे आहेत.