अनुभव धागा: ओकच्या पिंपात मुरलेली सायडर चाखताना

पलूसच्या वाइन पार्कमुळे सांगलीकडे द्राक्षाच्या वाइनवर बोलणारे पुष्कळ. सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या सायडरवर, त्यातही ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेल्या सायडरवर, मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. चाखण्याची पद्धत, प्रमाणं, काय बिघडतं आणि का, ते लिहा. किस्से नकोत. परवाना आणि वयाचे नियम माहीत आहेत असं धरतो.

कृष्णाकाठ (सांगली)
फ्रिजमधून काढून लगेच चव ठरवू नका. ४-५ अंशांवर ओकचा वास दबलेला असतो आणि तुरटपणा तेवढा पुढे येतो. १० ते १३ अंश हवेत. आपल्याकडे मे महिन्यात ओतलेला ग्लास थोड्याच वेळात तिथे पोचतो, डिसेंबरात बाटली अर्धा तास आधी बाहेर ठेवा. ग्लास वाइनचा, तोंडाशी निमुळता. ५०-६० मिली पुरे, वर वास साठायला जागा हवी. भांड्यांच्या साबणाने धुतला असेल तर साध्या पाण्याने दोनदा विसळा, नाहीतर लिंबाचा वास सायडरचा समजाल.

वाईकर
पिंप कुठलं ते लेबलवर आधी बघा. अमेरिकेत बर्बन या व्हिस्कीला आतून जाळलेलं नवं ओकचं पिंपच लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली, साधारण २०० लिटरची पिंपं पुढे विकली जातात. त्यांतून व्हॅनिला, खोबरं, जळक्या साखरेचा वास येतो. तेच पिंप तिसऱ्यांदा भरलं की लाकडाची चव जेमतेम उतरते, फक्त फळ्यांतून सावकाश हवा मिळत राहते. लहान पिंपात दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून काही आठवड्यांतच चव लाकडाळ होते. माझी कसोटी एकच: गिळल्यावर सफरचंद परत येतं का? नुसती व्हिस्की आठवत असेल तर पिंपाने फळ खाल्लं.

धागाकर्ता
आंबट आणि तुरट यांत गोंधळ होतो. कसं ओळखायचं?

कृष्णाकाठ (सांगली)
आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटाने हिरड्या कोरड्या पडतात. आपल्या बाजारातल्या लाल डेलिशस सफरचंदात दोन्ही कमीच. त्याच्या सायडरमध्ये तुरटपणा जाणवला तर तो बहुधा ओकचा.

माणदेशी
दोषांबद्दल सविस्तर लिहितो, कारण पिंपात ते जास्त येतात. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आणि घशाला झोंबणारा व्हिनेगर: पिंप वेळोवेळी काठोकाठ भरलं नाही, वरच्या हवेत ॲसिटिक जिवाणू वाढले. बँडेज किंवा तबेल्याचा वास: लाकडाच्या छिद्रांत ब्रेटॅनोमायसिस यीस्ट बसलंय. इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या पारंपरिक सायडरमध्ये हा थोडा चालवून घेतात, मला तो सफरचंद झाकेपर्यंत नको वाटतो. सडक्या अंड्याचा वास आला तर ग्लास फिरवून पाच मिनिटं थांबा, हलका असेल तर उडून जातो.

सगळ्यांत फसवा दोष, इंग्रजीत ‘माउसीनेस’, नाकाला कळतच नाही. सायडर आम्लधर्मी असते, तोवर त्याचा वास उडत नाही. गिळल्यावर लाळेने आम्लता कमी होते आणि दहा-वीस सेकंदांनी जिभेच्या मागे शिळ्या, सादळलेल्या कुरमुऱ्यांसारखी चव येते. काहींना ती अजिबात जाणवत नाही, म्हणून चाखायला दोघे-तिघे तरी असावेत आणि दोन घोटांत अर्धा मिनिट जाऊ द्यावा.

वाईकर
सोबत कंदी पेढा आणि बेदाणे ठेवू नका. गोडानंतर कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, सायडर नुसती आंबट लागते. भडंगाचा लसूण-तिखटही नंतर. मधे साधं पाणी आणि ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. क्रम हलकीकडून जडकडे, पिंपातली शेवटी.

माणदेशी
न गाळलेली, थोडी साखर उरलेली बाटली उन्हाळ्यात पुण्याहून डिकीत आणू नका. यीस्ट पुन्हा कामाला लागतं, दाब वाढतो, झाकण काढताच फवारा उडतो, कधी बाटलीच फुटते. थंड पेटीत आणा, एक दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि तळाचा गाळ बाटलीतच सोडा.