गाडीतून मुंबई दिसते की नुसती मागे पडते?

डबलडेकर:
सीएसएमटीहून शीवपर्यंत गाडीने जा, मुंबई कशी वाढली ते ओळीने दिसतं. आधी गॉथिक इमारतींचा फोर्ट भाग, मग मोहम्मद अली रोड, लालबाग-परळच्या चाळी, गिरण्यांची उरलीसुरली धुराडी आणि शेवटी दादर-माटुंग्याच्या आखीव कॉलन्या. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले, लोकांना हवा मिळावी म्हणून दादर-माटुंगा वसवलं. पुस्तकात वाचून हे कळतं, पण पटतं ते गाडीच्या काचेतून. हेरिटेज वॉकवाले दोन तास एकाच चौकात घुटमळतात!

परळकर:
तुमची ओळच खोटी आहे. परळ म्हणजे गिरण्या? गिरण्यांच्या आधी इथे गव्हर्नर राहायचा, त्याच वास्तूत आज हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. त्याच्याही फार आधीचं, पाचव्या-सहाव्या शतकातलं, तीन मीटरहून उंच शिवशिल्प १९३१ साली परळलाच सापडलं. तेही रस्ता बांधताना! आता ते बारादेवीच्या देवळात आहे. उत्तरेला जाल तसं शहर नवं होत जातं, हा रस्त्याने करून दिलेला समज आहे. माहीम तर फोर्ट भागापेक्षा कितीतरी जुनं.

स्कूटरवाली:
मोहम्मद अली रोडवरच्या जेजे पुलावर आम्हा दुचाकीवाल्यांना बंदी. कारवाल्यांना वरून मिनारे आणि लाकडी गॅलऱ्या, आम्हाला खाली पुलाचे खांब. चालू द्या तुमचं.

पायीपायी:
मैलाचे दगड कुणी गाडीतून पाहिलेत का? सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजणारे, रोमन आकडे कोरलेले, एकोणिसाव्या शतकातले. रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि काही दगड फुटपाथमध्ये गळ्यापर्यंत बुडाले. प्रवाशांसाठीच बसवलेले दगड आज प्रवाशालाच दिसत नाहीत.

डबलडेकर:
परळचा मुद्दा बिनतोड. पण ओव्हल मैदानाचं काय? कर्वे रोडने जाताना एका हाताला आर्ट डेको शैलीतल्या इमारतींच्या गोल बाल्कन्या, मैदानापलीकडे हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर. मध्ये साठेक वर्षांचं अंतर, आणि २०१८ साली दोन्ही मिळून जागतिक वारसा यादीत. जवळ गेलात की एकच बाजू दिसते. शिवाय त्या इमारतींचे लांबलचक आडवे पट्टे मोटारींच्या जमान्यातले आहेत, वेगातच खुलतात.

आठवणीतला_गिरगाव:
वडील ऐंशीचे, गुडघे गेलेले. त्यांना रविवारी सकाळी गाडीतूनच फिरवतो. चालण्याची सक्ती करणाऱ्यांनी आधी फुटपाथ मोकळे करून द्यावेत.

परळकर:
वडिलांना जरूर न्या, त्यावर वाद नाही. डबलडेकरसाहेब, ओव्हलपाशी एवढं सगळं तुम्ही नेमकं कधी बघता? सिग्नल लाल असतानाच ना? मग ते उभं राहून बघणंच झालं की.

डबलडेकर:
सिग्नल हिरवा असतानाही बघतो. मागचे हॉर्न वाजवतात.