मलावीत शाळेतल्या मुलांच्या लघवीत रक्त, बिल्हार्झियाच का?

निशा: नवऱ्याच्या नोकरीमुळे मलावीत आलोय, तळ्याकाठच्या गावातल्या शाळेत शिकवते. पोरं लघवीतून रक्त जातं असं अगदी सहज सांगतात! पाणी उकळून प्यायलं की झालं ना?

डॉक्टरकाका: नाही गं, बिल्हार्झिया हा जंतांचा आजार, तो पिण्यातून नाही होत, गोगलगायीतून पाण्यात सुटलेल्या अळ्या थेट कातडीतून शिरतात, म्हणजे पोहणं, कपडे धुणं सगळं आलं. लघवी सकाळी १० ते दुपारी २ मधली तपासा, तेव्हा जंतांची अंडी जास्त सापडतात.

सॅम्या: १०% लोकांत जरी सापडला तरी डब्ल्यूएचओ म्हणते वर्षातून एकदा २ वर्षांवरच्या सगळ्यांना प्राझिक्वांटेल (या जंतांवरचं औषध) द्या. शाळेत वजनकाटा पण लागत नाही, उंचीच्या काठीवरून गोळ्या ठरतात. पण परत त्याच पाण्यात उतरले की परत होतोच!!

कोकण्या: आपल्या रत्नागिरीत गिमवीला पण सापडलेला की, १९५२ चा रिसर्च पेपर आहे.