मदत हवी आहे: लिनक्सवरच्या व्हर्च्युअल विंडोजमध्ये थ्रीडी अडखळतं, वेगळं ग्राफिक्स कार्ड घालू का?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा, विश्रामबागेत छोटं ऑफिस आहे. ठिबकचे आराखडे आणि शेततळ्यांची ड्रॉइंग करतो. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागांची मोजणी आली की ती क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन कंटूर (समान उंचीच्या रेषा) काढतो, पुढचं सगळं ऑटोकॅडमध्ये. क्यूजीआयएस उबुंटू लिनक्सवर आणि ऑटोकॅड त्याच उबुंटूत केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवायची सोय) चालणाऱ्या विंडोज ११ मध्ये.

मशीन: रायझन ५ ५६००जी, ३२ जीबी रॅम, एनव्हीएमई डिस्क, बी४५० चा बोर्ड, ४५० वॉटचा पॉवर सप्लाय. वेगळं कार्ड नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागतं. विंडोजला ८ थ्रेड आणि १६ जीबी रॅम दिली आहे.

टूडीत काही तक्रार नाही. पण जमिनीचा थ्रीडी पृष्ठभाग फिरवायला घेतला की चित्र झटके देत सरकतं, माउस पुढे आणि दृश्य मागे. शेतकरी शेजारी बसलेला असतो. उतार कुठल्या अंगाला आहे, कुठल्या कोपऱ्यात दाब कमी पडेल, हे त्याला फिरवून दाखवायचं असतं. सबमेन (उपमुख्य पाइपलाइन) कुठून न्यायची ते त्यावरच ठरतं. एकदा पाइप गाडला की पुन्हा उकरायचा खर्च त्याच्या माथी, म्हणून हे दृश्य मला नीट हवंच आहे.

मला समजलेलं कारण असं: विंडोजला दिसणारं कार्ड खोटं आहे. व्हर्टआयओ या केव्हीएमच्या आभासी कार्डाचा विंडोजसाठीचा डिस्प्ले ड्रायव्हर पडद्यावर चित्र दाखवतो, थ्रीडीचं गणित करत नाही. क्यूएक्सएल या दुसऱ्या आभासी कार्डाचंही तेच. मग ते सगळं गणित प्रोसेसरवर येतं. दृश्य फिरवताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू छताला टेकतो आणि जीपीयूचा आलेखच तिथे नसतो. याच मशीनवर व्हर्च्युअल उबुंटू टाकून थ्रीडी ॲक्सिलरेशन चालू केलं तर सगळं गुळगुळीत चालतं, कारण पाहुण्या (व्हीएममध्ये चालणाऱ्या) लिनक्ससाठी थ्रीडीचं काम खऱ्या ग्राफिक्सकडे पोचवणारा व्हर्जिलचा ड्रायव्हर तयार आहे. म्हणजे रॅम किंवा कोअर वाढवून माझा प्रश्न सुटणार नाही असं मला वाटतं. चूक असेल तर सांगा.

ड्युअल बूट कर (एका वेळी दोन्हींपैकी एकच सिस्टिम चालू करायची), असं बरेच जण म्हणतील. क्यूजीआयएस आणि ऑटोकॅडमध्ये दिवसभर ये-जा असते, त्यामुळे ते जमत नाही. दुसरं कारण सांगलीकरांना सांगायला नको. २०१९ चा महापूर पाहिलाय. विंडोज, सगळी सेटिंग, टेम्प्लेट हे सारं आज एका डिस्क इमेजमध्ये आहे आणि तिची प्रत बाहेरच्या डिस्कवर. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की ती डिस्क उचलायची आणि वरच्या मजल्यावर जायचं. ही सोय मला सोडायची नाही.

म्हणून जीपीयू पासथ्रूचा विचार करतोय: एक कार्ड घ्यायचं आणि व्हीएफआयओ ही लिनक्समधली सोय वापरून पूर्ण विंडोजच्या ताब्यात द्यायचं, उबुंटूनं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालायचं. एनव्हिडियानं २०२१ पासून, म्हणजे ४६५ च्या ड्रायव्हरपासून, जीफोर्स कार्डांना यासाठी मुभा दिली आहे. त्यापूर्वी येणाऱ्या कोड ४३ च्या (व्हीएममध्ये ड्रायव्हर कार्ड चालूच करत नाही, त्या) अडचणीची धास्ती आता नको, असं धरून चाललोय. जीटीएक्स १६५० मनात आहे. ७५ वॉटमध्ये बसतं आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबलही लागत नाही. एएमडीच्या काही जुन्या कार्डांमध्ये व्हीएम बंद करून परत सुरू केली की कार्ड रीसेट होत नाही, त्यामुळे सेकंडहँड घेताना तिकडे जायला मन धजत नाही.

आता नेमकं विचारायचंय ते:

कार्ड बसवलं की बरेच बोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बी४५० वर बायोसमधून ते सक्तीनं चालू ठेवून कुणी रोज काम केलंय का? उबुंटू चालू होताना नव्या कार्डावर जात नाही ना?

मॉनिटर एकच आहे. त्यावर दोन केबल लावून इनपुट बदलत बसायचं की लुकिंग ग्लास (विंडोजच्या कार्डावरचं चित्र उबुंटूच्या खिडकीत दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरायचं? १०८० पी ला ३२ एमबी शेअर्ड मेमरी पुरते हे वाचलं. पण दिवसभर ड्रॉइंग करताना माउसची अचूकता कशी राहते, हे वापरणाऱ्याकडूनच ऐकायचंय.

की हे सगळं सोडून व्हीएमवेअर वर्कस्टेशनवर जाऊ? त्यात विंडोज पाहुण्याला डायरेक्टएक्स ११ मिळतं आणि आता ते फुकटही आहे. कार्डाचे पैसे वाचतील. फक्त मोठ्या पृष्ठभागावर ते किती टिकतं, याचा अनुभव हवाय.

भर: खाली कोल्हापूरच्या एका सदस्यानं आयओएमएमयू ग्रुप (कोणती उपकरणं एकत्रच व्हीएमला द्यावी लागतात, ते गट) तपासायला सांगितले, आभार. प्रोसेसरला थेट जोडलेला मोठा स्लॉट स्वतंत्र ग्रुपमध्ये आहे. खालचा स्लॉट मात्र लॅन आणि यूएसबीसोबत एकाच ग्रुपात अडकलाय. म्हणजे कार्ड वरच्या स्लॉटलाच. आता बायोसचं आणि लुकिंग ग्लासचं कुणी सांगितलं तर या आठवड्यात कार्ड घेऊन टाकतो, छाटणीनंतरची कामं सुरू व्हायच्या आत बसवायचंय.