स्पॅनिशमधे मालक, मॅनेजर, मुकादम कसं लिवाचं?

भाऊ, वरुडकडं आमचं संत्र्याचं पॅकिंग हाय, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या मशीनवाल्याले मेल पाठवाचा हाय, तिकडंबी संत्राच पिकते म्हना. अ‍ॅपवर तिघायलेबी 'हेफे'च येऊन राह्यलं, चालन का?

> नाई ना बे. हेफे म्हनजे कोनाचाबी साहेब. मालक दुएन्यो, मालकीन असन तं दुएन्या. मॅनेजर हेरेन्ते. मजुरायवरचा मुकादम कापाताथ, पन तो शेतातला नाईतं बांधकामावरचा वाटते, पॅकिंग लाइन पाहनाऱ्याले एन्कार्गादोच लिव.

> पार्टनर असन तं सोसिओ. क्लबच्या मेंबरलेबी सोसिओच म्हनते, म्हनून कंपनीचं नाव जोडजो.

बाप्पा! म्या तं कालच्या मेलमधे बुढ्यालेच एन्कार्गादो करून टाकलं, सातबारा त्याच्याच नावावर हाय 😂